कठड्याची डावी बाजू

नवरात्र संपून दोनच दिवस झाले होते. आमच्या घराजवळची बाग आठ महिन्यांनी पुन्हा उघडली होती आणि मी आईला घेऊन संध्याकाळी तिथे गेले होते. नव्या फाटकातून आत शिरलो, डावीकडे वळलो आणि बुचाच्या झाडांकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी पोहोचलो. आईने नेहमीप्रमाणे पहिल्या पायरीवर पाऊल टाकण्याआधी डावा हात बाजूला नेला. तिथे काहीच नव्हते. हात क्षणभर हवेत राहिला, बोटे मिटली, पुन्हा उघडली, आणि मग तिचा तोल किंचित पुढे गेला. मी दंड धरला म्हणून ती पडली नाही. तिलाही विशेष काही वाटले नसावे, कारण तिने फक्त पायऱ्यांकडे पाहून विचारले, "अगं, कठडा कुठे गेला?" आणि माझ्या हाताला धरून ती सावकाश खाली उतरली. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. पडली असती तर काय झाले असते, हा विचार होताच. पण त्याहून अधिक डोळ्यांसमोर येत राहिला तो हवेत थांबलेला हात. बावीस वर्षांच्या सवयीने तो योग्य जागी गेला होता. चूक हाताची नव्हती.

तो कठडा काळ्या दगडाचा होता. पुण्यातल्या जुन्या बांधकामांत दिसतो तसा ओबडधोबड घडवलेला, वरच्या बाजूला मात्र सपाट केलेल्या लांब शिळा. पायऱ्यांबरोबर तो उतरत जाई आणि खाली पोहोचला की बुटका होऊन बुचाच्या पाच झाडांभोवती वळसा घेई. म्हणजे वर तो कठडा होता आणि खाली कट्टा. वरच्या शिळेवर हातांनी घासून घासून इतका गुळगुळीतपणा आला होता की पावसाळ्यात तो भाग बाकी दगडापेक्षा काळा आणि चकचकीत दिसायचा. दुसऱ्या पायरीच्या समोर एक लहानसा खळगा होता. दगड घडवतानाच तो राहिला असावा. आईचा अंगठा उतरताना बरोबर त्या खळग्यात टेकायचा, आणि तिथे ती एक श्वास घ्यायची. तिचे उजवे मनगट फार पूर्वी मोडले होते; हाड जुळले, पण पकडीत जोर आला नाही. त्यामुळे उतरताना आधार हवा तो डाव्या हाताला. चढताना तिला आधार लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या कोणालाही विचारा, भीती उतरण्याची असते.

आता तिथे रुंद, देखण्या पायऱ्या आहेत. करड्या ग्रॅनाइटच्या, कडेला पट्टी लावलेल्या. उजव्या बाजूला स्टीलचा चकाकता कठडा आहे. डावी बाजू मोकळी ठेवून तिथे उतरती हिरवळ केली आहे, आणि दुरून पाहताना ती खरोखरच छान दिसते.

बाग बंद झाली तेव्हा माघ संपत आला होता. एका सकाळी फाटकाला कुलूप आणि सभोवती निळे पत्रे. पत्र्यांवर कामाचा फलक लागला: नूतनीकरण, मुदत, रक्कम, आणि नव्या बागेचे एक रंगीत चित्र, ज्यात सडपातळ माणसे कुत्रे घेऊन फिरत होती. त्या चित्रात म्हातारे कोणी नव्हते. आईच्या बरोबर बसणाऱ्या सहा-सात बायका पहिले काही दिवस पत्र्यांच्या बाहेर उभ्या राहून बोलत. मग बंद पडलेल्या एका दुकानाच्या पायरीवर बसू लागल्या, पण तिथे शेजारून रिक्षा आणि बस जात, एकमेकींचे बोलणे ऐकू येईना, आणि ज्यांना आधीच कमी ऐकू येते त्यांना तर अजिबातच नाही. उन्हाळ्यात ते बसणेही सुटले. आई घरातल्या घरात फेऱ्या मारू लागली: स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. पावसाळ्यापर्यंत तिची चाल लहान झाली होती. हे मला तेव्हा कळले नाही. बाग उघडल्यावर तिच्याबरोबर चालताना माझी पावले पुढे जाऊ लागली, तेव्हा कळले. बागेच्या कामाला किती महिने लागले हे कागदावर लिहिलेले असते. त्या महिन्यांत कोणाची चाल किती आखूड झाली, हे लिहायला कोणत्याच कागदावर जागा नसते.

तरीही मी या नूतनीकरणाविरुद्ध आहे असे मला म्हणता येणार नाही, आणि म्हणायचेही नाही. जुन्या बागेतले स्वच्छतागृह वर्षानुवर्षे कुलूपबंद होते. आई आणि तिच्या मैत्रिणी बागेत यायचे म्हणून चार वाजल्यापासून पाणी पीत नसत, आणि ही गोष्ट त्या इतक्या सहज सांगत की जणू देवळात जाताना चपला काढाव्यात. आता तिथे बायकांसाठी स्वच्छ, उजेड असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे आणि दिवसभर तिथे एक बाई कामाला असते. दिवे आले आहेत. पूर्वी सहा वाजल्यानंतर मुली मागच्या बाजूला जात नसत. आता तिथेच त्या बॅडमिंटन खेळतात. मुलांच्या झोक्यांखाली पूर्वी खडे होते आणि प्रत्येक मुलाच्या गुडघ्याला त्याची खूण होती. आता तिथे मऊ रबरी जमीन आहे. ज्याने हे सारे केले त्याचे आभार मानायला हवेत, आणि मी ते मनापासून मानते. म्हणूनच हा कठडा इतका बोचतो. जिथे एवढा विचार झाला, तिथे आणखी एका हाताचा विचार झाला असता तर?

मी लहान असताना बाग म्हणजे पेशवे पार्क. आठवड्यातून एकदा आई आम्हा भावंडांना घेऊन जायची. फाटकातून आत शिरताच आधी वास यायचा: ओले गवत, प्राण्यांचे शेण, भाजलेल्या शेंगा आणि या सगळ्यांत मिसळलेला फुलराणीच्या रुळांचा तापलेल्या लोखंडाचा वास. ८ एप्रिल १९५६ पासून धावणारी ती गाडी आमच्यासाठी जगातली सर्वांत लांबच्या प्रवासाची गाडी होती. तिच्यातून उतरले की आम्ही पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापाशी जात असू. तो वाघ पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, वळे, परत येई, आणि वळण्याची त्याची जागा एकच असे. त्या जागी फरशी घासून फिकी झाली होती. मला तेव्हा तो वाघ रुबाबदार वाटायचा. आता आठवले की पोटात कालवते. नंतर प्राणिसंग्रहालय कात्रजला गेले, प्राण्यांना मोकळी जागा मिळाली, आणि पेशवे पार्कात पुढे ऊर्जा उद्यान आले. हा बदल योग्यच होता. तरी त्यानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी त्या पिंजऱ्याची जागा शोधत राहिले आणि न सापडल्याने मला रडू आले. योग्य बदलानेही वाईट वाटू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा उमजले. त्यामुळे आज मला जे वाटते ते केवळ जुन्याचे वेड आहे का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिले आहे. वाघाची घासलेली फरशी आणि कठड्याची घासलेली शिळा, दोन्ही सवयीनेच घासल्या गेल्या. एक सवय कोंडण्यातून आलेली होती, दुसरी आधारातून. पहिली खूण पुसली जायलाच हवी होती.

दुसरी मात्र कोणीतरी वाचायला हवी होती.

दादरला माझी मावशी राहायची. सुट्टीत तिच्याकडे गेले की संध्याकाळ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जायची. १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेल्या आणि दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने नवे नाव मिळालेल्या त्या मैदानाचा इतिहास मावशी कट्ट्यावर बसूनच सांगायची. एका बाईने मैदानाचे नाव बदलायला लावले, याचा तिला फार अभिमान होता. तो कट्टा म्हणजे मैदानाची हद्द, एवढेच. बाक म्हणून तो कोणी बांधलेला नाही. त्याला पाठ नाही, हात नाहीत. पण त्याची उंची अशी आहे की उंच माणसाला टेकता येते, बुटक्याला चढून बसता येते, म्हाताऱ्याला हात टेकून उठता येते, आणि बसलेल्याने नुसती मान वळवली की एकीकडे क्रिकेट आणि दुसरीकडे रस्ता. उद्या कोणी ठरवले की या हद्दीला अधिक सुंदर कुंपण हवे, तर हद्द राहील आणि दादरकरांची संध्याकाळ जाईल. त्याच मैदानात लाल माती पसरली गेली तेव्हा काय झाले हेही मावशीच्या घरात पाहिले आहे. मैदान सुधारावे हाच हेतू होता. पण वारा सुटला की ती माती खिडकीच्या गजांवर, देवघरातल्या समईवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर येऊन बसे. मावशी शेवटची काही वर्षे पश्चिमेकडची खिडकी उघडत नसे. जी खिडकी मैदान दिसावे म्हणून तिने हट्टाने त्या बाजूला घेतली होती, तीच. मैदानात काय घालायचे हे ठरवताना वारा कुठून कुठे वाहतो हे मैदानाच्या बाहेर उभे राहूनच कळते.

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान मला मनापासून आवडते, आणि या साऱ्या विचारात ते वेगळ्याच वाटेने येऊन मिळाले. ते २००६ मध्ये झाले, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर. पाण्याचा प्रवाह, त्यावरचे छोटे पूल, कातरलेली झुडपे, आणि या सर्वांच्या मागे आपली पर्वती. मूळ कोराकुएन १७०० मध्ये पूर्ण झालेली. १९३४ च्या पुराने तिची हानी केली, १९४५ मध्ये ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा ती पुन्हा उद्ध्वस्त झाली. आणि नंतर ती उभी केली गेली ती जुनी चित्रे आणि नोंदी समोर ठेवून. कुठे काय होते, पाणी कोणत्या बाजूने वळत होते, कोणती इमारत कुठे होती, हे कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी रंगवून ठेवले होते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी केवळ थक्क झाले होते. आता मात्र त्यातली एक गोष्ट टोचते. बॉम्ब पडलेली बागसुद्धा आधी काय होते ते पाहून पुन्हा उभारता येते, कारण तिथे आधीचे पाहून ठेवलेले होते. आमच्या बागेवर ना पूर आला ना बॉम्ब. ती धडधाकट उभी होती, आणि काम सुरू करण्याआधी आठवडाभर कोणी तिच्यात नुसते बसले असते तर सारे समोरच दिसले असते. सकाळी साडेपाचला फिरणारे पुरुष, नऊला शाळा सुटेपर्यंत थांबलेल्या आया, दुपारी झाडाखाली डबा खाऊन आडवा होणारा कुरिअरवाला, चारला शेंगदाणेवाला, साडेपाचला कठडा धरून उतरणाऱ्या बायका. रंगीत चित्र काढण्याआधी हे दुसरे चित्र काढायला हवे होते. ते चित्र काढायला फारसा पैसा लागत नाही. एक वही लागते आणि कोणीतरी सांगितलेले असावे लागते की हेही कामच आहे.

आमच्याकडे 'दुरुस्ती' हा शब्द हल्ली मागे पडत चालला आहे. पूर्वी बागेची दुरुस्ती निघायची. दोन फरश्या हलल्या असतील तर दोन फरश्या बसवल्या जात, झोक्याची साखळी बदलली जात असे, गवंडी आणि माळी मिळून चार दिवसांत काम उरकत. त्यात नव्याचे कौतुक नव्हते, पण बाग एक दिवसही बंद होत नसे. आता लहान कामे साचत राहतात. नळ गळत राहतो, बाक मोडतो, तो मोडकाच पडून राहतो, आणि मग एके दिवशी सगळेच एकदम तोडून नवे करायची वेळ येते, आणि मोडक्याबरोबर धडही जाते. आमच्या बागेतला मुरमाचा फिरायचा रस्ता असाच गेला. तो मोडला नव्हता. पावसाळ्यात चिखल होई एवढीच तक्रार होती, आणि दर वर्षी मुरूम टाकून धुम्मस केले असते तर तीही राहिली नसती. आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत. चालताना टाचेला ठक्क असा धक्का बसतो, आणि सकाळी फिरणारे काही जण आता त्या वाटेच्या कडेने, उरलेल्या मातीच्या हातभर पट्टीवरून चालतात. महिन्याभरातच तिथे एक बारीकशी पायवाट उमटली आहे.

बुचाची झाडे मात्र पाचही राखली, आणि त्यासाठी मी कोणाचेही पाय धरायला तयार आहे. बुचाचे लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या लवकर मोडतात, म्हणून ही झाडे नूतनीकरणात आधी जातात. पण झाडांभोवती जो नवा गोल ओटा बांधला आहे, तो बुंध्याच्या फार जवळ आला आहे. सिमेंट दोन झाडांच्या सालीला टेकते. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या एका प्रकरणात २०१३ मध्येच झाडाभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढायला सांगितले होते. मुळांना पाणी आणि हवा हवी, आणि बुंध्याला जाड व्हायला जागा हवी, हे कोणत्याही माळ्याला ठाऊक असते. आमच्या बागेत फार वर्षे काम केलेले माळीकाका आता निवृत्त झाले आहेत. परवा ते सहज येऊन गेले. त्यांनी ओट्याच्या आतल्या मातीत बोट खुपसून पाहिले, बोटाच्या दुसऱ्या पेरापाशी त्याला खडी लागली, आणि ते काही न बोलता तिथेच उकिडवे बसून राहिले. जाताना म्हणाले, "ताई, हे फोडायला सांगा. झाड ओरडत नाही म्हणून काय झालं."

मी अर्ज केला. दोन गोष्टी लिहिल्या: झाडांभोवतीचे सिमेंट आणि पायऱ्यांची डावी बाजू. अर्ज लिहिताना कळले की आईचा हात ही काही कोणाची लाडाची मागणी नाही. सार्वजनिक ठिकाणच्या जिन्यांना दोन्ही बाजूंनी कठडा असावा, हे आपल्याच देशाच्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. तो दोन उंचींवर असावा, ७६० आणि ९०० मिलीमीटर, म्हणजे लहान मुलालाही धरता येईल आणि मोठ्यालाही. पायरीची उंची १५० मिलीमीटरपेक्षा अधिक नसावी. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १२ फुटांना १ फूट, त्याहून खडा नको. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि टेप घेऊन पायऱ्यांपाशी गेले. पायऱ्या बरोबर होत्या. उतारही बरोबर होता. फक्त उताराच्या तोंडाशी, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून, लोखंडी नळ्यांचे नागमोडी अडसर लावले आहेत, ज्यांतून मोटारसायकल जात नाही आणि चाकाची खुर्चीही जात नाही. त्यामुळे अर्जात तिसरी गोष्ट वाढली.

पंधरा दिवसांनी एक तरुण कनिष्ठ अभियंता आला. मी भांडणाच्या तयारीने गेले होते, आणि त्याची गरज पडली नाही. तो गडबडीत होता, पण बोलण्यात नम्र होता. म्हणाला, नकाशात कठडा एकाच बाजूला दाखवला होता, तेवढाच बसवला. पूर्वीचा दगडी कठडा पायाच्या कामात निघाला आणि तो पुन्हा बसवायचे कोणाच्या यादीत नव्हते. आईही बरोबर होती. तिने त्याला जवळ बोलावले आणि म्हणाली, "बाळा, तू इथे उभा राहा आणि हा उजवा हात पाठीमागे घे. आता उतर." तो हसला, पण त्याने खरोखर हात पाठीमागे घेतला. दोन पायऱ्या उतरला, तिसरीवर थांबला, डावीकडे पाहिले. मग खिशातून खडू काढून त्याने डाव्या काठाला ठिकठिकाणी फुल्या मारल्या, फोटो काढले आणि प्रस्ताव पाठवतो असे सांगितले. त्या दगडाच्या शिळा कुठे गेल्या, हे मी त्याला विचारले. राडारोड्याबरोबर गेल्या असतील, एवढेच तो सांगू शकला. त्या शिळा आता कुठल्यातरी भरावात असतील. तो खळगाही तिथेच असेल, मातीने भरलेला.

परतीच्या पावसाने खडूच्या फुल्या दोनच दिवसांत धुऊन नेल्या. प्रस्तावाचे अजून काही कळलेले नाही. मी दर सोमवारी विचारून येते. मैत्रिणींपैकी चौघी परत येऊ लागल्या आहेत. बुच भरात आहे. संध्याकाळी त्या पायऱ्यांच्या खाली इतकी फुले पडतात की ग्रॅनाइट दिसत नाही, आणि सारा कोपरा त्या गोड, किंचित ओलसर वासाने भरून जातो. आई ओट्यावर बसून फुले गोळा करते आणि लांब देठांत देठ अडकवत, सुई-दोऱ्याशिवाय, वेणी गुंफते. तिचे उजवे मनगट एवढे काम अजून करते. शेजारच्या झोक्यावरची एक मुलगी रोज ती वेणी न्यायला येते.

पायऱ्यांवरून उतरताना आई अजूनही डावा हात बाजूला नेते. मी तिला सवय बदलायला सांगत नाही. आम्ही पायऱ्यांपाशी पोहोचलो की मी आधी दोन पायऱ्या खाली उतरते आणि तिच्या डाव्या अंगाला, हिरवळीच्या कडेवर, उभी राहते. तिथे उभे राहिले की माझा खांदा बरोबर त्या जुन्या शिळेच्या उंचीवर येतो.